वाशीच्या छोट्या फॅन कन्व्हेन्शनला पहिल्यांदाच कॉस्प्ले (आवडत्या पात्राचा वेश) करतेय, सामान ट्रेनने कसं नेऊ?

नौपाड्याची_पोर:
पुढच्या रविवारी वाशीत एका हॉलमध्ये छोटंसं फॅन कन्व्हेन्शन, म्हणजे चाहत्यांचा मेळावा आहे, फार तर दोनशे माणसं येतील. दोन महिने खपून ईव्हीए फोमचं, म्हणजे हलक्या स्पंजी शीटचं, चिलखत केलंय, छातीला १० मिमी, दंडाला ५ मिमी, वर पाच फुटी तलवार. आई म्हणते एवढ्याशा कार्यक्रमाला कशाला, मोठ्या कॉमिक कॉनला घाल. पण मला आत्ताच घालायचंय! घरूनच घालून निघू का? एकटीच आहे, तिथे करायचं काय तेही कळत नाहीये. आणि खांद्याचा जोड सारखा उकलतोय.

कोपरखैरणेकर:
घालून येऊ नकोस गं, बसता येणार नाही. ट्रान्स हार्बर लोकल ठाण्याहूनच सुटते, ९-१० नंबरच्या प्लॅटफॉर्मला जरा लवकर ये म्हणजे जागा मिळेल, पण आधी रविवारचा मेगाब्लॉक आहे का बघ. तलवार चादरीत गुंडाळूनच आण, फोमची आहे हे लांबून पोलिसांना कसं कळणार.

आणि छोट्याला नक्की ये. मी दोन्ही केलंय, मोठ्या ठिकाणी लोक फोटो काढतात आणि पुढे जातात. गेल्या वेळी अशाच एका हॉलमध्ये एक सातवी-आठवीतला मुलगा माझ्या मनगटपट्टीवर वाकला, हात न लावता, म्हणाला दादा हे रिव्हेट कसले? म्हटलं शर्टाची टिचबटणं आहेत, वरून चांदीचा रंग मारलाय. तो तिथेच फरशीवर बसला आणि वहीत मनगटपट्टीचं चित्र काढून घेतलं, बटणं मोजून, सात. असं बोलायला वेळ तिथेच मिळतो बघ.

फोम_आणि_कटर:
जोड हॉट ग्लूने, म्हणजे गरम करून लावायच्या गोंदाने केलास ना? आपल्याकडच्या गरमीत तो सुटतो. जुना खरवडून काढ, फेव्हिबॉन्ड गोंद दोन्ही बाजूंना पातळ लाव, दहा मिनिटं थांब, बोटाला चिकटेनासा झाला की मग दाब, एकदाच नीट बसव, नंतर सरकत नाही. खिडकी उघडी ठेव, वास डोक्यात जातो. कटरची पाती सारखी बदल. आमच्या घरी गणपतीची मखरं व्हायची तेव्हापासून सांगतोय, बोथट पातं कड फाडतं.

नेरूळची_शिवणवाली:
सेफ्टी पिना, सुईदोरा आणि पाण्याची बाटली ठेव, फोममध्ये घाम फार येतो. एकटी आहेस तर सरळ दुसऱ्या कॉस्प्लेअरकडे जा आणि हे कशाचं बनवलंय विचार, तासभर बोलतील. न विचारता कुणी खांद्यावर हात टाकून फोटो काढायला लागलं तर स्पष्ट नाही म्हण, आयोजकांना बोलव. आईला सांग जपानात नागोयाला २००३ पासून कॉस्प्लेचं जागतिक संमेलन भरतंय, ही नुसती फॅन्सी ड्रेसची हौस नाही.

नौपाड्याची_पोर:
हो हॉट ग्लूच होता!! आता फेव्हिबॉन्ड आणायला चाललेय. तलवार दोन तुकड्यांत केली तर चालेल ना, जोडाची रेघ दिसेल का?

फोम_आणि_कटर:
जोड मुठीजवळ घे, आत पीव्हीसी पाईपचा तुकडा घाल आणि वरून रेक्झिनची पट्टी गुंडाळ. नाही दिसत.