श्रीलंकेत दोघांच्या 5 रात्री: गोल चक्कर मारावं की एका जागी राहावं?

खारा वारा (धागाकर्ता)

मुंबईहून जोडप्याने 5 रात्रींसाठी श्रीलंकेला जायचं म्हटलं की एजंट बहुधा एकच कागद पुढे करतो: सिगिरिया, कँडी, एला, मिरिसा, कोलंबो. माझं स्पष्ट मत आहे की ही 9-10 दिवसांची आखणी आहे. ती 6 दिवसांत कोंबू नये.

तास मोजा. कोलंबोचा कटुनायके विमानतळ ते सिगिरिया 4, सिगिरिया ते कँडी 3, कँडी ते एला रेल्वेने 7 च्या आसपास, एला ते मिरिसा 4, मिरिसा ते विमानतळ 3. एकूण 21 तास नुसतं बसून. नकाशावर बेट छोटं दिसतं, पण डोंगरातल्या वळणांवर ताशी 30-35 किलोमीटरच्या वर सरासरी पडत नाही. शिवाय रोज सकाळी बॅगा भरायच्या, दुपारी नव्या हॉटेलात पोचून खोलीसाठी थांबायचं. दोघांनी निवांत बसायला वेळ उरतो कुठे?

डिसेंबर ते मार्चसाठी मी असं सुचवेन: विमानतळावरून थेट गॉलजवळ उनावटुना. कटुनायकेपासून गॉलपर्यंत द्रुतगती मार्ग सलग आहे, कोलंबो शहरात शिरावं लागत नाही. अडीच-तीन तासांत पोचता. 4 रात्री तिथेच. एक सकाळ मिरिसाच्या समुद्रात देवमासे, एक संध्याकाळ गॉलच्या कोटात, एक दिवस उडावालावेच्या जंगलात हत्ती, एक दिवस मोकळा. परतीचं विमान पहाटेचं असेल तर शेवटची रात्र नेगोंबोला, तिथून विमानतळ अर्ध्या तासाच्या आत.

सह्यवेडा

पूर्ण असहमत. किनाऱ्यावर 4 रात्री काढायच्या तर तारकर्ली, गुहागर, पाळोळे काय वाईट आहेत? पासपोर्ट काढून जायचं ते आपल्याकडे नाही त्यासाठी. पाचव्या शतकात कश्यप राजाने जवळपास 200 मीटर उंच कातळावर राजवाडा बांधला, खाली पाण्याच्या बागा केल्या. तो सिगिरिया सोडून वाळूत पडून राहायचं, हे मला पटत नाही.

माझी आखणी: 2 रात्री सिगिरिया, 1 कँडी, 2 डोंगरातलं नुवारा एलिया. समुद्र पूर्ण वगळा. सिगिरियाला साधारण 1,200 पायऱ्या आहेत. दरवाजा उघडतो तेव्हाच हजर राहा. साडेनऊनंतर कातळ तापतो आणि भित्तिचित्रांकडे जाणाऱ्या गोल जिन्यात रांग अडते. चित्रांचे फोटो काढायला मनाई आहे. वर गांधीलमाश्यांची पोळी आहेत, म्हणून तिथे आवाज करू नये. ती पाटी शोभेची नाही. आणि मूळ पासपोर्ट जवळ ठेवा: सार्क देशांच्या नागरिकांना तिकीट सवलतीच्या दरात मिळतं, पण पासपोर्ट दाखवल्यावरच. हॉटेलच्या तिजोरीत पासपोर्ट ठेवून आलेले पूर्ण दर भरतात.

कँडी ते नानू ओया एवढाच रेल्वेचा टप्पा घ्या, चारेक तासांचा. एलापर्यंत बसून राहायची गरज नाही, चहाचे मळे या टप्प्यातही भरपूर दिसतात. बॅगा गाडीने पुढे पाठवायच्या आणि ड्रायव्हरला नानू ओया स्थानकावर बोलवायचं. नुवारा एलिया तिथून 8 किलोमीटर.

खारा वारा

तुमचेही तास मोजू. 4 + 3 + 4, आणि नुवारा एलिया ते विमानतळ 5. झाले 16. गोल चक्करीपेक्षा 5 तासच कमी, आणि मुक्काम तीन!

रेल्वेच्या भरवशावर 6 दिवसांची आखणी उभी करणं मला जोखमीचं वाटतं. 2025 च्या नोव्हेंबरअखेर दित्वा चक्रीवादळात डोंगरात प्रचंड दरडी कोसळल्या आणि हाच मार्ग ठिकठिकाणी तुटला. जायच्या आठवड्यात गाडी नेमकी कुठून कुठपर्यंत धावते ते पाहावंच लागेल. राखीव तिकिटं 30 दिवस आधी खुली होतात आणि बघता बघता संपतात. मग दलाल ती चढ्या भावाने विकतात.

तारकर्लीशी तुलनाही बरोबर नाही. मिरिसाच्या पुढे दोंद्रा टोकापाशी समुद्राची उथळ पायरी फार अरुंद आहे, खोल पाणी किनाऱ्याच्या अगदी जवळ येतं. म्हणून निळा देवमासा तिथे लहान बोटीतून दिसतो. गॉलचा कोटही नुसते बुरूज नाहीत. डच काळातल्या तटाच्या आत आजही वस्ती आहे, शाळा, मशीद, चर्च, न्यायालय सगळं चालू आहे. 1988 पासून तो जागतिक वारसा यादीत आहे.

सह्यवेडा

राखीव तिकीट मिळालं नाही तर दलालाकडे कशाला जायचं? दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाची बिनआरक्षित तिकिटं त्याच दिवशी खिडकीवर मिळतात. गर्दी असते, कदाचित उभं राहावं लागतं, पण 4 तास निभतं. फक्त दारातून बाहेर लटकून फोटो काढू नका. बोगदे आणि कातळ डब्याला घासून जातात, त्यात माणसं मेली आहेत. आणि मार्ग बंद असलाच तर तोच प्रवास रंबोडा घाटातून गाडीने होतो, आखणी कोसळत नाही.

बोटीबद्दल मात्र तुम्ही अर्धंच सांगितलंत. बोटी पहाटे सहा-साडेसहाला सुटतात, 3 ते 5 तास समुद्रात. लाटांची सवय नसलेल्याचा तो दिवस उलट्यांत जातो. गोळी बोटीत चढल्यावर घेऊन उपयोग नाही, किमान तासभर आधी पोटात हवी.

आषाढसरी

दोघांचंही बोलणं फक्त थंडीतल्या सहलीला लागू आहे. श्रीलंकेला दोन मोसमी पाऊस आहेत आणि ते बेटाच्या वेगवेगळ्या बाजू भिजवतात. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडचा: गॉल, बेंटोटा, मिरिसा खवळलेलं, लाल बावटा, पाण्याखालून आत ओढणारे प्रवाह. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येकडचा: तेव्हा त्रिंकोमाली, पासिकुडा भिजतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस कुठेही गाठतो आणि वादळांचाही तोच काळ. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हे आधी वाचावं. तेव्हा हॉटेलं स्वस्त मिळतात, ती याच कारणाने.

जुलै-ऑगस्टमध्ये जायचं असेल तर तुमचं भांडणच मिटतं. 2 रात्री सिगिरिया, 3 रात्री त्रिंकोमालीजवळ निलावेली. सिगिरियाहून निलावेली सव्वादोन-अडीच तास. त्या दिवसांत पूर्वेचा समुद्र शांत असतो, देवमाशांच्या बोटीही तिकडूनच सुटतात. शिवाय मिन्नेरियाचा तलाव आटू लागतो, उघड्या पडलेल्या काठावर कोवळं गवत येतं आणि आसपासच्या जंगलांतून हत्तींचे कळप तिथे उतरतात. सिगिरियाहून दुपारी 3 ला जीपने निघून अंधार पडायच्या आत परत. परतीचा टप्पा लांब आहे, निलावेली ते विमानतळ 6 तास. तरी एकूण साडेबाराच्या आत, मुक्काम दोनच.

सह्यवेडा

हे मान्य. जुलै-ऑगस्टसाठी माझ्या आखणीपेक्षा हे सरस आहे. तेव्हा नुवारा एलियालाही पाऊस-धुकं असतं, समोरचा मळा दिसत नाही. फेब्रुवारीसाठी मी माझ्या मतावर ठाम आहे.

शिरवाळे-रस

जागेवरून एवढी चर्चा झाली, जेवणावर कोणीच बोललं नाही. जोडप्यात एक जण शाकाहारी असेल तर हे महत्त्वाचं. तिकडचं इंदिअप्पा म्हणजे आपले शिरवाळेच, आणि आप्पा म्हणजे कडेने कुरकुरीत, मध्ये जाड असं वाटीच्या आकाराचं घावन. दोन्ही शाकाहारी. पण सोबतच्या खोबऱ्याच्या पोळ संबोलात आणि पुष्कळदा डाळीतही उंबलकडा असतो. हा वाळवलेला मासा कुटून मसाल्यासारखा घालतात, म्हणून तिथल्या स्वयंपाक्याच्या लेखी ती डाळ ‘भाजी’च राहते. नुसतं ‘व्हेज’ म्हणू नका, ‘उंबलकडा नको’ असं नाव घेऊन सांगा. संबोल ताजं कुटून द्या म्हटलं तर बहुतेक ठिकाणी देतात.

आणि पौर्णिमा पाहून तारखा ठरवा. दर पौर्णिमेला ‘पोया’ची सुट्टी असते, त्या दिवशी दारूविक्री बंद, हॉटेलच्या बारमध्येही. देवळांत मात्र पांढऱ्या कपड्यांतल्या भाविकांची रीघ असते, ते पाहण्यासारखं आहे. कँडीच्या दंतधातू मंदिरात (तिथे बुद्धाचा दात जपला आहे) खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, दोघांचेही. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणं तिथे अपमान समजतात.

दोन बॅगा

गाडी ठरवताना काय विचारावं? आम्हाला फेब्रुवारीतच जमणार आहे आणि धागाकर्त्यांची आखणी जवळची वाटते.

खारा वारा

एकाच जागी राहणार असाल तर सहा दिवस गाडी अडकवून ठेवू नका. विमानतळ ते उनावटुना आणि परत एवढीच ठरवा, उडावालावेच्या दिवसाची वेगळी. बाकी फिरणं टुकटुकने, म्हणजे तिथल्या रिक्षाने. टॅक्सीच्या ॲपवर भाडं आधी दिसतं, रस्त्यावर धरलीत तर बसण्यापूर्वी ठरवा. गॉल ते मिरिसाजवळचं वेलिगामा हा टप्पा समुद्राकाठच्या रेल्वेने करा.

पूर्ण दिवसांची गाडी घेतलीच तर लेखी विचारा: दिवसाला किती किलोमीटर धरले आहेत, वरच्या किलोमीटरचा दर काय, द्रुतगती मार्गाचा टोल कोणाचा, ड्रायव्हरच्या राहण्याची सोय हॉटेल करतं की तुम्ही. वाद याच चार गोष्टींवरून होतात. वाटेत ‘मसाल्याची बाग’ किंवा रत्नांचं दुकान दाखवायचा आग्रह झाला तर पहिल्याच दिवशी नको म्हणा. तिथल्या कमिशनपायी तासभर सहज जातो.

प्रवेशपरवान्याचे नियम अलीकडे बदलत राहिले आहेत. विमानाचं तिकीट काढायच्या आधी श्रीलंका सरकारच्या ईटीए (ऑनलाइन प्रवेशपरवाना) संकेतस्थळावरच पाहा. शोधात वर येणारी, तशीच दिसणारी खाजगी संकेतस्थळं जादा पैसे घेतात. यूपीआय फेब्रुवारी 2024 पासून तिथे चालू झालं आहे, तरी टुकटुक, नारळपाणी आणि लहान स्थानकांसाठी श्रीलंकन रुपये रोख लागतातच. विमानतळावरून बाहेर पडण्याआधी थोडे बदलून घ्या, सुट्टे मागून घ्या.