उद्यमबागेतील कार्यालयात माणसे टिकत नाहीत. राजीनाम्याआधी सल्ला हवा आहे

नमस्कार. बेळगावच्या उद्यमबागेत कास्टिंगचे मशिनिंग करून देणाऱ्या एका लहान कारखान्यात मी हिशेबाचे काम करते आणि रोज खानापूरहून ये-जा करते. कामाला तोटा नाही, पगारही वेळेवर होतो. तरीही वर्षभरात डिस्पॅच, स्टोअर आणि पगारपत्रक पाहणारी तिन्ही माणसे सोडून गेली, कोणी हत्तरगीला तर कोणी पुण्याला. मोठे मालक सकाळी एक सांगतात, धाकटे मालक दुपारी त्याच्या उलट, आणि संध्याकाळी बोलणी खावी लागतात ती दोघांचेही ऐकणाऱ्याला. माणसे याला कंटाळतात, असे माझे मत आहे.

जाणाऱ्याचा चार्ज घ्यायला कोणी नसते, त्यामुळे त्याचे काम आपोआप माझ्या टेबलावर येते. अलीकडेच शिरोलीला जाणारा माल गाडीत भरून तयार होता, परंतु ई-वे बिलाचा (मालवाहतुकीच्या ऑनलाइन परवान्याचा) ओटीपी नोकरी सोडलेल्या मुलाच्या मोबाइलवर जात होता आणि तो पुण्यात नव्या कचेरीत मीटिंगमध्ये होता. त्याने तासाभराने आकडा कळवला, तोवर ड्रायव्हरने सगळा राग माझ्यावर काढला. (इतके होऊनही पोर्टलवरचा क्रमांक अजून त्याचाच आहे.)

खरी चिंता भविष्यनिर्वाह निधीची आहे. आमच्या पगारातून 12 टक्के रक्कम कापली जाते आणि पुढील महिन्याच्या 15 तारखेपर्यंत ती भरायची असते. परंतु अलीकडच्या काही महिन्यांची नोंद माझ्या पासबुकात दिसत नाही. रक्कम मालकांनी थकवली की मधल्या काळातील नवख्या माणसाकडून भरायची राहिली, हे फायलींवरून समजत नाही. आता हे कामही मीच पाहावे आणि मागील तक्त्यांवर सह्या कराव्यात, असे मला तोंडी सांगण्यात आले आहे. कामगार खात्याची कन्नड पत्रेही माझ्याच सहीने घेतली जातात. मला कन्नड बोलता येते, पण सरकारी कन्नड वाचताना अडखळायला होते.

माझी सलग 5 वर्षांची सेवा पूर्ण होण्यास थोडे महिने उरले आहेत. ग्रॅच्युइटीसाठी तेवढे थांबावे असे घरचे म्हणतात, तर 4 वर्षे 240 दिवस पुरतात असे एका सहकाऱ्याचे म्हणणे आहे. कर्नाटकात असा दावा प्रत्यक्ष मान्य झाल्याचा कोणाचा अनुभव आहे का?

मागील तक्त्यांवर सही करण्यास नकार द्यायचा तर तो मालकांना ईमेलने कळवणे पुरेसे ठरेल, की पोहोच घेऊन कागदावरच द्यावा? निधीची तक्रार नोकरीत असतानाच करावी, की रिलीव्हिंग लेटर हातात पडल्यावर? नोकरी सोडल्याची तारीख मालकांनी नोंदवली नाही, तर शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिन्यांनी ती स्वतः नोंदवता येते, हे मला माहीत आहे. परंतु मधले हप्तेच भरलेले नसतील, तर ते वसूल करून घेण्यासाठी बेळगावात कोणी कोणती कागदपत्रे दिली आणि त्यास किती काळ लागला, हे कळल्यास फार मदत होईल.