लगेच मॅच नको, आधी प्रत्येकाला चेंडू द्या

सहा-सात वर्षांची मुलं पिकलबॉलच्या (पॅडल म्हणजे छोट्या सपाट बॅटने, नेटवरून भोकांचा प्लास्टिकचा चेंडू मारायचा खेळ) क्लासमध्ये पंधरा मिनिटांत कंटाळतात, मग थेट मॅच खेळवावी का, असा प्रश्न विचारला जातो. माझं मत, अजिबात नको. आमच्या सोसायटीत मी दर रविवारी आठ मुलांना शिकवते. मुलं खेळाला कंटाळत नाहीत, रांगेत उभं राहायला कंटाळतात. एक चेंडू आणि आठ मुलं म्हटल्यावर सात जण नुसते बघत बसणार! प्रत्येकाच्या हातात स्वतःचा चेंडू द्या.

पहिले दोन रविवार आम्ही नेट लावलंच नाही. पॅडलवर चेंडू तोलत चालायचं, मग एक टप्पा पाडून वर उडवायचा. एक चिमुरडी मुठीचं अगदी टोक धरायची, त्यामुळे पॅडल हातात लुळं पडायचं. तिला म्हटलं, "पॅडलशी शेकहँड कर." हात आपोआप वर सरकला आणि पुढचा चेंडू सरळ माझ्याकडे आला. तिचा चेहरा बघायला हवा होता!

कोर्ट ४४ बाय २० फूट, म्हणजे बॅडमिंटन डबल्सएवढंच. त्याचे आडवे तुकडे पाडून गुडघाभर उंचीवर दोरी बांधली की चार जोड्या एकदम खेळतात. नेटजवळच्या ७ फुटांच्या 'किचन'चा नियम मात्र तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सांगा. खडूने पट्टा आखायचा, त्यात उभं राहून टप्प्याआधी चेंडू मारायचा नाही, एवढंच.

१९६५ साली अमेरिकेतल्या बेनब्रिज बेटावर हा खेळ सुरू झाला, तोच सुट्टीत कंटाळलेल्या मुलांना रमवायला. गुण मोजायची घाई कशाला?