मदत हवी आहे: पॅक्लिटॅक्सेल चालू असताना आईच्या बोटांची जाणीव गेली, डॉक्टरांना सांगू देत नाही

नमस्कार मंडळी. तासगाव तालुक्यातून लिहितोय. एरवी फक्त वाचायला येतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबला तर सांभाळून घ्या.

आई ६१ वर्षांची. स्तनाचा कर्करोग. ऑपरेशन झालं, मग केमोचं ते लाल औषध चार वेळा, आणि आता दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल. बारापैकी सात झाले. मिरजेला नेतो, संध्याकाळी परत. केस गेले त्याचं तिनं फारसं मनावर घेतलं नाही.

गेल्या रविवारी नको नको म्हणताना शेडवर बेदाणा निवडायला बसली. तीस वर्षांचा हात आहे तिचा. तोंडानं गप्पा चालू आणि बोटं आपोआप देठ शोधून काढतात. त्या दिवशी तिच्या पाटीत निम्म्या बेदाण्यांना देठ तसेच. मी म्हटलं, आई, लक्ष कुठं आहे? तिनं एक बेदाणा चिमटीत धरून फिरवला आणि म्हणाली, "ह्येचा देठ कुठल्या अंगाला हाय त्येच कळंना झालंय. हातमोजं घातल्यागत वाटतंय." मग खोदून विचारल्यावर एकेक बाहेर आलं. पायांना मुंग्या चौथ्या डोसपासून. चप्पल पायातून निसटते, दहा पावलं गेल्यावर कळतं. ब्लाउजचे हुक माझी बायको लावून देते, हे मला ठाऊकच नव्हतं.

आणि वर ताकीद: "डॉक्टरला सांगू नगंस. औषिद बंद करत्याल."

वाचून मला समजलं ते असं. पेशीच्या आत सांगाडा असतो. त्यातल्या एका प्रकारच्या नळ्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या बनतात. आमच्या बागेच्या मांडवासारखंच, फक्त हा मांडव सारखा उभा राहतो आणि सारखा मोडतो. पेशी दुभागताना ह्याच नळ्या गुणसूत्रं दोन बाजूंना ओढतात. पॅक्लिटॅक्सेल नळ्यांना असं जखडतं की त्या मोडतच नाहीत, पेशी मधेच अडकते आणि मरते.

हे वाचताना लक्षात आलं की ट्युब्युलिनला धरणारी आणखी तीन औषधं आमच्याच घरात आहेत. वडिलांची गाऊटची (युरिक ॲसिडनं सांधे सुजतात त्याची) कोल्चिसिन, पोराला शाळेत दिलेली जंताची गोळी अल्बेंडाझोल ४००, आणि करप्यावर मारतो ते कार्बेन्डाझिम. ही तिन्ही उलट बाजूनं काम करतात, मांडव उभाच राहू देत नाहीत. जंताची गोळी जंताचं ट्युब्युलिन धरते, कार्बेन्डाझिम बुरशीचं. पॅक्लिटॅक्सेलला मात्र गाठीची पेशी कुठली आणि आईची कुठली, हे ओळखता येत नाही.

पण नसेच्या पेशी तर दुभागत नाहीत ना? मग बोटं का बधिर झाली? इथं माझं डोकं थांबतं. ही जाणीव परत येते का? डॉक्टरांना सांगितलं तर खरंच औषध बंद करतात का? शेजारच्या काकू सदाफुलीच्या पानांचा काढा द्या म्हणतात, "क्यान्सरचं औषध त्यातनंच निघतं." हळदीचं दूध तर सांगलीत कोण सुचवत नाही! पुढचा डोस गुरुवारी आहे.

अजिंक्यतारा_फिजिओ: दादा, मी साताऱ्यात फिजिओथेरपिस्ट आहे, कर्करोगतज्ज्ञ नाही. तुमचं डोकं थांबलं तिथंच खरी गोष्ट आहे. कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा नसेचा एक तंतू जवळपास मीटरभर लांब असतो. पेशीचा मुख्य भाग मणक्यापाशी आणि माल पोचवायचा अंगठ्यात. तो माल ह्याच नळ्यांवरून जातो, रुळावरून मालगाडी जावी तसा. रूळ जखडले की शेवटच्या स्टेशनचे हाल आधी. म्हणून आधी पाय, मग हात.

गुरुवारी सलाईन लावायच्या आधी सांगा. बधिरपणा किती आहे त्यावर डॉक्टर डोस कमी करतात, पुढे ढकलतात किंवा औषध बदलतात. बंद करतीलच असं नाही, आणि एखाददुसरा डोस हुकला म्हणून झालेले उपचार वाया जात नाहीत. न सांगता रेटलं तर मात्र बधिरपणा कायमचा राहू शकतो. बऱ्याच जणांचा काही महिन्यांत कमी होतो, काहींचा थोडा उरतो. दुखत असेल तर ड्युलोक्सेटिन देतात, नुसत्या बधिरपणावर फारसं औषध नाही. "नसांच्या ताकदीच्या" गोळ्या मनानं सुरू करू नका. त्यातलं ॲसिटिल-एल-कार्निटिन अशाच रुग्णांना देऊन पाहिलं होतं, त्रास वाढला.

शेडवर अनवाणी अजिबात नको. मागे पट्टा असलेली चप्पल घ्या. अंघोळीचं पाणी बोटांनी नाही, कोपरानं बघायचं. रात्री तळवे तुम्ही तपासा, काटा घुसला तरी त्यांना कळणार नाही.

निवृत्त_मास्तर: वनस्पतिशास्त्र शिकवलं, म्हणून सदाफुलीवर बोलतो. काकू अर्ध्या बरोबर आहेत. व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन सदाफुलीतूनच आली. पण तीही ट्युब्युलिनलाच धरतात, आणि व्हिन्क्रिस्टिनचा ठरलेला त्रास कुठला, तर हातापायांचा बधिरपणा! काढ्यात काय किती उतरलं हे कुणालाच कळत नाही. आधीच रूळ जखडलेत, त्यात हे ओतायचं? कळलावीबद्दलही कुणी सांगेल, सह्याद्रीत पावसाळ्यात सगळीकडे फुलते. तिच्या कंदात कोल्चिसिन असतं, माणूस दगावतो. आणि वडिलांना कुणी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं तर कोल्चिसिन चालू असल्याचं आधी सांगा, दोन्ही मिळून विषबाधा होते.

जाता जाता: पॅक्लिटॅक्सेल अमेरिकेतल्या यू झाडाच्या सालीतून शोधलं मन्रो वॉल आणि मनसुख वाणी ह्यांनी. रचना प्रसिद्ध झाली १९७१ साली, आणि ते नळ्या जखडतं हे १९७९ मध्ये सुझन हॉर्विट्झ ह्यांनी दाखवलं. वाणी जन्मानं नंदुरबारचे. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करायची.

कृष्णाकाठची_सून: माझ्या सासूबाईंचं अगदी हेच झालं होतं. त्याही लपवायच्या. शेवटचे तीन डोस कमी मात्रेत दिले. दीड वर्ष झालं, हात सुटले, पायाची टोकं अजून जड आहेत म्हणतात. सुईत दोरा ओवतात आता, वेळ लागतो एवढंच. आईंना रागावू नका हो.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. आज जाऊन आलो. मीच सांगितलं, आई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसली. डॉक्टरांनी तिला माझ्या शर्टाचं बटण लावायला सांगितलं. किती वेळ लागला कुणास ठाऊक, मी छताकडे बघत होतो. आज डोस दिला नाही. पुढच्या गुरुवारी परत तपासून कमी मात्रेत सुरू करणार आहेत. काढा आणि हळदीच्या गोळ्या नको म्हणाले. भाजीतली हळद चालेल.

गाडीत कवलापूर येईपर्यंत बोलली नाही. मग म्हणाली, "बंद न्हाई क्येलं म्हंजे."

मागे पट्ट्याची, मऊ तळव्याची चप्पल तासगावात तिच्या मापाची मिळाली नाही. सांगलीत कुठं मिळेल, कुणाला माहीत आहे का? माप पाच नंबर, पण पाय सुजतात तेव्हा सहा लागेल.