सेंट कॅथरीनचं चॅपल म्हणजे ‘लाल दगडाची कोठी’ नव्हे

कृष्णाकाठ, वाई
काल इथे एकाने गोव्याच्या सहलीबद्दल लिहिलं, ‘जुन्या गोव्यात सेंट कॅथरीनच्या चॅपलपाशी वेळ घालवू नका, लाल दगडाची कोठी आहे, दोन मिनिटांत बघून होते.’ ते वाक्य रात्रभर डोक्यातून जाईना. पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा दुसऱ्यांदा घेतला तो २५ नोव्हेंबर १५१० रोजी, सेंट कॅथरीनच्या सणाला. ज्या वेशीतून तो शिरला तिथे हे चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, उभं राहिलं. १५३४ साली गोवा बिशपचं ठाणं झालं तेव्हा कॅथेड्रलचा, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचा, मान या एवढ्याशा वास्तूला मिळाला. १५५० मध्ये गव्हर्नर जॉर्ज काब्रालने ते वाढवलं. दर्शनी बाजूला दोन मनोरे, आत एकच वेदी. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं असत. शेजारच्या से कॅथेड्रलचं काम १५६२ मध्ये सुरू झालं. तिथे तासभर फोटो काढायचे आणि याला कोठी म्हणायचं?

मिरजकर
वेशीतून शिरल्यावर काय केलं तेही लिहा की. शहरातल्या मुसलमानांची कत्तल केली, हे त्याने स्वतः आपल्या राजाला कळवलंय. चॅपल त्या विजयाचं स्मारक आहे. पुढे १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय. आमचं घराणं मूळचं गोव्याचं. देव टोपलीत घालून रातोरात घाट चढल्याची गोष्ट आजी सांगायची, तेव्हा तिचा आवाज कापायचा. मी तिथे हात जोडणार नाही.

कृष्णाकाठ, वाई
हात जोडा असं मी कुठे म्हटलं? बघा म्हटलं.

कराडचा गवंडी
तुमचं चालू द्या. मला त्या लाल रंगाचंच दुखणं आहे. जांभा उघडा ठेवायचा दगड नव्हे. खाणीतून काढताना मऊ, वारा लागला की कडक होतो, पण अंगभर भोकं, त्यामुळे पाणी पितो. म्हणून चुन्याचा गिलावा. तिथल्याच बॉम जीझस चर्चचा गिलावा १९५० च्या दशकात बाल्ताझार कास्त्रोने उतरवला, ‘मूळ दगड दिसावा’ म्हणून. तेव्हापासून तो दगड पावसात झिजतोय. लोकांना वाटतं हाच जुना रंग.

पाचगणीची सून
अख्खं टेबललँड जांभ्याचं आहे, कुणी गिलावा केला त्याला? सासरचं घर उघड्या जांभ्याचं, आजेसासऱ्यांच्या वेळचं. एक चिरा हललेला नाही.

कराडचा गवंडी
ताई, पावसाळ्याआधी त्या भिंतींना गवताच्या तट्ट्या बांधता की नाही?

पाचगणीची सून
बांधतो. बरं, तेवढं तुमचं खरं. पण चुना मळणारा माणूस आहे का आता? माहेरच्या गावी काळ्या दगडाचं देऊळ आहे. विश्वस्तांनी खांबांना ऑइलपेंट फासला, तोही पिवळा. नंतर कुणीतरी ओरडलं म्हणून वाळूच्या फवाऱ्याने खरवडला. नक्षीतल्या हंसाची चोच गेली. लहानपणी मी त्या चोचीवर बोट फिरवायची.

कराडचा गवंडी
आमच्या भागात सांधे सिमेंटने भरतात. सिमेंट ओल आत कोंडतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. मी नको म्हणालो तर माझंच काम काढून घेतलं.

पाचगणीची सून
मग तेव्हा लेखी का नाही दिलंत? देवळं अशीच जातात, जाणती माणसं गप्प बसतात म्हणून.

कराडचा गवंडी
लेखी? दोन महिन्यांची मजुरी बुडाली माझी. घरी बसून बोलणं सोपं आहे.

मिरजकर
माणसं मारली त्यावर एक ओळ नाही आणि सिमेंटवर रामायण! लाज वाटते वाचताना.

कृष्णाकाठ, वाई
आवाज खाली. कत्तल मी नाकारलेली नाही, लिहायला हवी होती, चुकलं. पण १६८३ मध्ये संभाजी महाराज जवळच्या जुवे बेटावर धडकले तेव्हा याच शहरात पोर्तुगीज व्हाइसरॉयने सेंट फ्रान्सिस झेवियरच्या जपून ठेवलेल्या शवापुढे धाव घेतली. आपलाही इतिहास आहे तिथे. वास्तू पाहिलीच नाही तर तो सांगणार कुठे उभं राहून?

मिरजकर
आजीला मी नेलं नाही कधी गोव्याला, ती नको म्हणायची. मुलाला नेईन. वेशीची जागा दाखवीन आणि तिथे काय झालं ते सगळं सांगेन. याहून जास्त माझ्याकडून अपेक्षा करू नका.

कराडचा गवंडी
जाणार असाल तर पाऊस संपल्या संपल्या जा. भिंतीत ओल कुठवर चढलीय ते तेव्हा दिसतं. फोटो काढलात तर इथे टाका, पायथ्याचे चिरे जवळून.