मदत हवी आहे: बाबांनी सिगारेट सोडून बरीच वर्षं झाली, एक्स-रे नॉर्मल, तरी खोकला. सीटी स्कॅन करावा का?

अनघा_इ
नमस्कार, घाईत लिहितेय. बाबांनी सिगारेट सोडून बरीच वर्षं झाली. गेले अडीच महिने खोकला आहे, सकाळी जास्त. एक्स-रे काढला, नॉर्मल आला. तिथले डॉक्टर म्हणतात वयोमान आहे, हवा बदलली की होतं, आणि कफाचं औषध लिहून दिलं. मला हे पटत नाही. माझ्या ऑफिसमधल्या एकीच्या सासऱ्यांना सिगारेट सोडल्यावर अकरा वर्षांनी फुप्फुसाचा कॅन्सर निघाला, तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जातच नाही. कमी रेडिएशनचा सीटी स्कॅन असतो म्हणे. तो करावा का, आणि कोल्हापुरात करावा की त्यांना पुण्याला आणू? शनिवारी गावी जातेय, त्याआधी ठरवायचंय. कृपया लवकर सांगा.

पॉवरलूम
ताई, वय किती? रोज किती ओढायचे? नक्की कधी सोडली? गाव कोणतं? एवढं तरी सांगा, त्याशिवाय कोण काय सांगणार.

नवीपहाट
सिगारेट सुटत नसेल तर सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. मराठीत बोलतात. निकोटिनची च्युइंगगमही मिळते, पण ती चघळत राहायची नसते, थोडी चावून गालात दाबून ठेवायची. माझी त्यानेच सुटली. वडिलांना एकदा फोन लावून द्या.

अनघा_इ
अहो, त्यांनी सोडलेली आहे, शीर्षकातच लिहिलंय. तेरा वर्षं झाली.
वय ६७. गाव इचलकरंजी. १९७८ पासून रोज दोन पाकिटं, आधीची काही वर्षं बिड्या. २०१२ च्या जानेवारीत अँजिओप्लास्टी झाली, त्या दिवसापासून एकही नाही. अजूनही जेवून उठले की हात शर्टाच्या खिशाकडे जातो आणि तिथून बडीशेपेची पुडी निघते. त्यामुळे परत सुरू केली असेल का, असं कृपया कोणी विचारू नका.

सॅनहोजेकर
दोन पाकिटं गुणिले ३४ वर्षं म्हणजे ६८ पॅक-इयर्स. हे फार जास्त आहे. इथे अमेरिकेत २०२१ पासूनचा नियम असा: वय ५० ते ८०, किमान २० पॅक-इयर्स आणि सोडून १५ वर्षांच्या आत असाल, तर दरवर्षी लो-डोस, म्हणजे तोच कमी रेडिएशनचा, सीटी. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने तर २०२३ मध्ये ती १५ वर्षांची अटही काढून टाकली. तुमचे वडील सगळ्यात बसतात. वाट कसली बघताय, उद्याच करा.

निवृत्त_मास्तर
सॅनहोजेकर, तुमचं गणित चुकतंय. पॅक-इयर मोजताना पाकीट वीस सिगारेटींचं धरतात. आपल्याकडे टपरीवर पाकीट मागितलं की दहाचं मिळतं. अनघाताई, पाकीट दहाचं होतं ना? मग रोजच्या वीस, म्हणजे ३४ पॅक-इयर्स.
आता माझा अनुभव. मी तीस वर्षं ओढली, १९९९ साली सोडली. आज ७४ वय आहे आणि रोज पहाटे टेकडी चढतो. एकही स्कॅन केलेला नाही. शोधायला गेलं की काहीतरी निघतंच. खोकल्याला वाफ आणि प्राणायाम, मला त्यानेच आराम पडला.

अनघा_इ
हो, दहाचंच पाकीट.

सॅनहोजेकर
ठीक, ३४ धरू. तरीही वीसच्या वरच. आणि मास्तर, तुम्ही टेकडी चढता याचा आनंद आहे, पण त्यावरून दुसऱ्याच्या वडिलांचा स्कॅन टाळू नका.

श्वास
मी छातीविकारांचा डॉक्टर आहे. पेशंट न बघता निदान करत नाही, पण इथे दोन गोष्टींची गल्लत होतेय.
वर सांगितलेला लो-डोस सीटीचा नियम कसलाही त्रास नसलेल्या माणसासाठी आहे. तुमच्या वडिलांना अडीच महिने खोकला आहे. त्यांची तपासणी 'वार्षिक चाळणी' म्हणून करायचीच नाही, ती निदानासाठी करायची. एक्स-रेमध्ये लहान गाठ किंवा हृदयाच्या सावलीमागची गाठ बऱ्याचदा दिसत नाही, त्यामुळे 'नॉर्मल' या शब्दावर थांबू नका. सीटी कसा आणि कोणता काढायचा हे छातीच्या डॉक्टरांना ठरवू द्या, लॅबमध्ये जाऊन परस्पर काढून आणू नका.
त्याआधी स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकायची तपासणी करून घ्या. फुप्फुसाची गेलेली ताकद सिगारेट सोडल्याने परत येत नाही, पुढची घसरण मंदावते. चाळिशीत काही जाणवत नाही, साठीनंतर जिने चढताना धाप लागते आणि लोक वय झालं म्हणून सोडून देतात. तो कित्येकदा सीओपीडी असतो, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार.
मला हेही हवंय: धाप लागते का? वजन कमी झालंय का? थुंकीत रक्त? आवाज बसलाय? आणि अँजिओप्लास्टीनंतरच्या गोळ्या कोणत्या? रॅमिप्रिल (बीपी आणि हृदयासाठीची गोळी) चालू असेल तर नुसत्या त्या गोळीनेही कोरडा खोकला येतो.

कडूलिंब
स्कॅनच्या नादाला लागू नका, ताई. रोज रात्री गुळाचा खडा आणि आठवड्यातून दोनदा ज्येष्ठमधाचा काढा. गूळ फुप्फुसातली काजळी ओढून काढतो. सोबत बीटा-कॅरोटीनची (गाजरात असतं ते) गोळी द्या, अँटिऑक्सिडंट असतं, कॅन्सर होत नाही. मी माझ्या वडिलांना चार वर्षं देतोय.

श्वास
कडूलिंब, ती गोळी वडिलांना देऊ नका. ते सिगारेट ओढत असतील किंवा पूर्वी ओढत असतील तर आजच बंद करा. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९ हजारांहून जास्त पुरुषांवर हाच प्रयोग झाला. १९९४ साली निकाल आला, तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतल्या दुसऱ्या प्रयोगात सिगारेट सोडलेलेही होते, तो नुकसान दिसल्यामुळे मुदतीआधी थांबवावा लागला. गाजर खा, गोळी नको. गूळही आवडीने खा, पण तो पोटात जातो, फुप्फुसात नाही.

कडूलिंब
हे मला माहीत नव्हतं. वडील अजून बिडी ओढतात. आजच बंद करतो.

निवृत्त_मास्तर
डॉक्टरसाहेब, पण स्कॅनमध्ये नसते डाग निघतात हे खरं की नाही? माझ्या मेहुण्याच्या स्कॅनमध्ये डाग निघाला, सहा महिने घरात कोणाला झोप नव्हती, शेवटी तो जुन्या टीबीचा व्रण ठरला.

श्वास
खरं आहे. आपल्याकडे टीबी एवढा आहे की असे व्रण बऱ्याच जणांत असतात. ज्या मोठ्या अमेरिकन अभ्यासावर हे नियम उभे आहेत (२०११, ५३ हजारांवर माणसं), त्यात फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. पण स्कॅनमध्ये संशय आलेल्यांपैकी ९५ टक्क्यांहून जास्त वेळा कॅन्सर नव्हता. म्हणून सरसकट सगळ्यांना स्कॅन असं मी म्हणत नाही. इथे मात्र लक्षण आहे, एवढाच माझा मुद्दा.
आणि 'सोडली म्हणजे सुटलो' हेही धरू नका. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात वर्षानुवर्षं चाललेल्या पाहणीत भरपूर ओढणाऱ्यांचा फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका सोडल्यावर पाच वर्षांतच बराच उतरला, पण पंचवीस वर्षांनंतरही तो कधीच न ओढलेल्यांच्या तिपटीहून जास्त होता.

रानजाई
थोडं अवांतर. माझ्या आईने आयुष्यात सिगारेट हातात धरली नाही. तीस वर्षं चुलीवर भाकऱ्या थापल्या, आज तिला सीओपीडी आहे, श्वासाचे दोन पंप चालू आहेत. स्वयंपाकघरातल्या बायकांचा दम कोणी मोजत नाही. अनघाताई, जाताय तर आईचीही फुंकायची तपासणी करून घ्या.

सॅनहोजेकर
रानजाई, अगदी खरं. आणि तेव्हा धूर कुठे नव्हता? लहानपणी एसटीत माझ्या पुढच्या सीटवरचा माणूस बिडी पेटवायचा आणि सगळा धूर माझ्या तोंडावर. सार्वजनिक जागी बंदीचे कडक नियम आले ते २००८ च्या २ ऑक्टोबरला.

अनघा_इ
कृपया विषयावर राहूया, माझ्याकडे दोनच दिवस आहेत.
श्वास सर, आत्ता आईला फोन केला. धाप लागते. बाजारातून पिशवी घेऊन येताना ते कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर बसतात, ते मित्रांशी बोलायला बसतात असं आम्हाला वाटायचं. वजन माहीत नाही, पण पट्ट्याला नवीन भोक पाडून घेतलंय असं आई म्हणाली. थुंकीत रक्त नाही, आवाज ठीक. गोळ्या: एस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, स्टॅटिन, टेल्मिसार्टन. रॅमिप्रिल नाही.

पॉवरलूम
ताई, मीही इचलकरंजीचाच. वडील कामाला कुठे होते? माग चालवायचे, की सायझिंग (सुताला खळ लावायचं काम), की प्रोसेस (कापड धुवायचं-रंगवायचं काम)?

अनघा_इ
प्रोसेसमध्ये, रंगखात्यात, सव्वीस वर्षं. लहानपणी त्यांच्या नखांच्या कडा कायम निळ्या असायच्या, दगडाने घासूनही जायच्या नाहीत. पण त्याचा खोकल्याशी काय संबंध? कापसाची धूळ तिथे नसते.

पॉवरलूम
धुळीसाठी विचारत नाहीये. माझा मामा रंगावरच होता. त्याला लघवीच्या पिशवीचा कॅन्सर झाला. तेव्हा डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले होते, सिगारेट ओढता का आणि रंगात काम केलंय का. वडिलांना लघवीचा काही त्रास?

अनघा_इ
त्रास असा नाही. एप्रिलमध्ये एकदा लाल लघवी झाली होती. दोन वेळा झाली, दुखलं नाही, जळजळही नाही. उन्हाळी लागली म्हणून आईने धने-जिऱ्याचं पाणी आणि सब्जा दिला, दुसऱ्या दिवशी साफ. इथे लिहिण्यासारखं वाटलं नाही, मी फुप्फुसाचं विचारत होते.

निवृत्त_मास्तर
घाबरू नका. दोन-दोन रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, त्यानेच झालं असेल. बीट खाल्ल्यावरही लाल होते.

श्वास
मास्तर, इथे मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही. अनघाताई, नीट वाचा. सीटीच्या आधी हे.
साठी ओलांडलेल्या, भरपूर सिगारेट ओढलेल्या माणसाला न दुखता एकदा जरी लाल लघवी झाली, तरी मूत्राशय तपासायलाच हवं. मुतखडा सहसा दुखतो, उन्हाळी जळजळते. न दुखता येणारं रक्त जास्त काळजीचं, आणि ते आपोआप थांबतं म्हणून लोक महिनोन्‌महिने गप्प बसतात. गोळ्यांमुळे रक्त आलं असं धरून सोडायचं नसतं. कित्येकदा आत काहीतरी असतं, गोळीमुळे ते नुसतं लवकर दिसतं.
सिगारेटच्या धुरातली विषं फुप्फुसातून रक्तात जातात, मूत्रपिंडं ती गाळतात आणि ती तासन्‌तास लघवीच्या पिशवीत साठून राहतात. पिशवीच्या अस्तरावर ती वर्षानुवर्षं काम करतात. त्यातलीच अरोमॅटिक अमाइन नावाची रसायनं काही जुन्या रंगांतही असायची. तुमच्या वडिलांना दोन्हीकडून मिळाली.
लघवीची तपासणी, पोटाची सोनोग्राफी आणि यूरोलॉजिस्ट (लघवीच्या विकारांचे डॉक्टर), याच आठवड्यात. सोनोग्राफी साफ आली तरी दुर्बिणीने पिशवी आतून बघायची तपासणी टाळू नका, चपटी गाठ सोनोग्राफीत निसटते. छातीचं काम सोबत चालू द्या.

पॉवरलूम
पुण्याला आणायची गरज नाही. मिरजेला न्या, तासाभराचा रस्ता आहे, दोन्ही डॉक्टर एकाच दिवशी होतील. मामाचंही तिथेच झालं. नऊ वर्षं झाली, दर वर्षी दुर्बीण टाकून बघतात, आज मळ्यात जातो.

निवृत्त_मास्तर
डॉक्टरसाहेब, मला हे ठाऊक नव्हतं. माझं वरचं बोलणं मागे घेतो. अनघाताई, आजच फोन करा.

अनघा_इ
शनिवारची वाट न बघता आज रात्रीच्या गाडीने निघतेय.

अनघा_इ
(चार दिवसांनी)
फुंकायच्या तपासणीत सीओपीडी निघाला, पंप सुरू केलाय. पंपाची कळ आणि श्वास एकदम जमत नव्हता म्हणून स्पेसर (पंपाला जोडायचं नळकांडं) दिला. छातीचा सीटी काढला, फुप्फुसात गाठ नाही, वरच्या भागात एम्फिसिमा आहे, म्हणजे हवेच्या बारीक पिशव्या खराब झाल्यात.
सोनोग्राफीत लघवीच्या पिशवीत डाव्या बाजूला दीड सेंटिमीटरची गाठ दिसली. परवा दुर्बिणीने बघून तिथेच काढणार आहेत.
बाबा रात्री एवढंच म्हणाले, "तेरा वर्षं झाली की गं सोडून. मग सोडून काय उपयोग झाला?" मला काही बोलता आलं नाही. त्यांना काय सांगू?

श्वास
त्यांना खरं तेच सांगा. ब्रिटनमध्ये डॉक्टरांवरच पन्नास वर्षं, १९५१ ते २००१, पाहणी झाली. पन्नाशीत सोडणाऱ्यांना ओढत राहणाऱ्यांपेक्षा सरासरी सहा वर्षं जास्त मिळाली, साठीत सोडणाऱ्यांना तीन. त्यांनी चोपन्नाव्या वर्षी सोडली. स्टेंट टाकलेल्या हृदयावर त्यानंतर रोज वीस सिगारेटी पडल्या असत्या आणि फुप्फुसाची घसरण त्याच वेगाने चालू राहिली असती, तर ते कदाचित ऑपरेशन टेबलापर्यंत चालत जाऊ शकले नसते.
आता काम: एस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल आपल्या मनाने बंद करू नका. यूरोलॉजिस्टला स्टेंटचं सांगा आणि हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून ते काय ठरवतात ते लेखी घ्या. भूल देणाऱ्यांना आजचा फुंकण्याचा रिपोर्ट आधी दाखवा. पंप परवा सकाळीही घ्यायचा का, ते त्यांनाच विचारून ठेवा. काढलेल्या गाठीचा रिपोर्ट येईपर्यंत पुढचं काही गृहीत धरू नका.

रानजाई
ताई, आईची तपासणी झाली का?

अनघा_इ
हो, तीही केली. ती ठीक आहे.
स्टेंटची जुनी फाइल सापडत नव्हती, ती आईने साड्यांखालून काढून दिली. गोळ्यांची यादी लिहून घेतली. परवा सकाळी आठची वेळ आहे. बाबांना तुमचं वरचं वाचून दाखवलं, त्यांनी सहा वर्षांचा आकडा परत विचारला. रिपोर्ट आला की इथेच लिहिते.