त्रोटक, तुटक, आटोपशीर : ग्रुपवरचा संदेश नेमका कसा असावा?

पाटीपेन्सिल :
आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची नियमावली लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. कमिटीच्या कच्च्या खर्ड्यातलं पहिलंच वाक्य आहे, 'सभासदांनी संदेश त्रोटक स्वरूपात टाकावेत.' मला ते खटकलं. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, त्रोटक म्हणजे थोडक्यातच ना?" कानाला बरं वाटत नाही, यापलीकडे मला काही सांगता आलं नाही. इथले जाणकार काय म्हणतात? आणि लांबलचक लिहिणाऱ्याला हिणवायला पाल्हाळ, चऱ्हाट, गुऱ्हाळ, लांबण, फापटपसारा असे शब्द हात जोडून उभे असतात. थोडक्यात, नीट लिहिणाऱ्याचं कौतुक करायचं तर मात्र डोकं खाजवावं लागतं. असं का?

जास्वंद :
तुमचा कान बरोबर आहे. त्रोटकच्या मुळाशी 'त्रुट्', म्हणजे तुटणं. त्रुटी हा शब्द त्याच घरातला. 'उद्या पाणी नाही' हा त्रोटक संदेश. कुठल्या विंगला, किती वाजल्यापासून, का, सगळं बाहेरच राहिलं. मग त्याखाली तीस जण तेच विचारणार. 'बी विंगला उद्या सकाळी ९ ते १ पाणी नाही, टाकी धुणार आहेत' हा आटोपशीर. चौपट लांब आहे, पण पुढचे तीस प्रश्न वाचवतो.

(संस्कृतात त्रोटक नावाचा एक नाट्यप्रकारही आहे. कालिदासाचं 'विक्रमोर्वशीय' त्यात धरतात. अंक पाच! तेव्हा सेक्रेटरींना पाच अंकी संदेश हवे असतील तर शब्द राहू द्या.)

खुंटी :
+१. त्यात 'तुटक' वेगळा काढा. त्रोटकात माहिती कमी पडते, तुटकात माया. "रविवारी बारसं आहे, सगळ्यांनी यायचं हं" यावर कुणी नुसतं "जमणार नाही" लिहिलं तर माहिती पूर्ण आहे, त्रोटक म्हणता येणार नाही. पण यजमानीणबाई ते चार वर्षं लक्षात ठेवतात.

'मोघम'चा लांबीशी काही संबंध नाही. दोन पानं लिहूनही माणूस मोघम राहू शकतो. मेंटेनन्स वाढीच्या नोटिसा वाचा.

बांदेकर वाडी :
लांब लिहिण्याला सगळे शब्द शिवीसारखेच आहेत, हे काय पटलं नाही. सविस्तर, सांगोपांग, इत्थंभूत हे काय वाईट शब्द आहेत? आमच्या मालवणीत 'गजाल' आहे, म्हणजे गप्पागोष्ट. गजाल थोडक्यात सांगितली तर ती गजालच नव्हे. सांगणारा आडवाटेला जातो, कुणाचं तरी आजोळ काढतो, आणि ऐकणाऱ्याला तेच हवं असतं. अघळपघळ हा शब्दही मला प्रेमळ वाटतो. लांबीला नावं ठेवत नाहीत हो, जागा चुकली की ठेवतात.

दुपारचा चहा :
आमच्याकडं कोल्हापूरला 'लांबड लावू नको' म्हणतात. आणि 'नमनाला घडाभर तेल' तर सगळीकडंच. रात्रीचे खेळ तेलाच्या उजेडात व्हायचे. नमनातच घडा संपला तर पुढं वग अंधारात करायचा का? माझ्या मते ग्रुपवरचा खरा त्रास हाच. लांब संदेशाचा नाही, उशिरा येणाऱ्या मुद्द्याचा. 'सर्व ज्येष्ठ, कनिष्ठ, माताभगिनींना सादर प्रणाम' इथून सुरू होतो, मुद्दा येईस्तोवर संदेश दुमडलेला असतो, उघडायला बोट टेकवावं लागतं. मी टेकवत नाही.

'भारूड लावलंय' हेही म्हणतात रटाळ बोलण्याला. अन्याय आहे. एकनाथांची भारुडं सुटसुटीत आहेत, 'विंचू चावला' बघा.

जुनी पेटी :
शिष्टाचाराचं तेल आधीच्या पिढ्यांनी फार हुशारीने वाचवलं होतं. 'कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष' हे सगळं 'कृ. सा. न. वि. वि.' एवढ्यात बसायचं. ती. स्व. (तीर्थस्वरूप), चि. (चिरंजीव), अ. उ. आ. (अनेक उत्तम आशीर्वाद) हेही तसंच. मान पूर्ण, शाई थोडी. शेवटी 'बहुत काय लिहिणे', म्हणजे बाकीचं तुम्ही समजून घ्या. आणि पत्र संपलं की ते संपलं असं सांगणारी मोहोर. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर शेवटी 'मर्यादेयं विराजते' हे मोर्तब असे, म्हणजे इथे या लेखनाची मर्यादा आहे. वर शिक्का, खाली मोर्तब, त्यावरून शिक्कामोर्तब. मोर्तबानंतर कुणाला त्यात ओळ घुसडता येत नसे. आपल्या ग्रुपवर "अजून एक राहिलं…" म्हणत पाच तुकड्यांत लिहिणाऱ्यांसाठी ही सोय हवी होती.

मायना चुकण्याची धास्ती पण जुनीच. चांगदेवांची गोष्ट माहीतच असेल. ज्ञानदेव वयाने लहान, अधिकाराने मोठे, मग चिरंजीव लिहू की तीर्थरूप? ठरेना, म्हणून कोरं पत्र पाठवलं. मुक्ताबाईंनी 'इतकी वर्षं जगून कोरेच राहिले' म्हणून ऐकवलं, आणि ज्ञानदेवांनी उत्तर दिलं पासष्ट ओव्यांचं. कोऱ्या संदेशाला पासष्ट ओव्या! आज अ‍ॅडमिनने काढून टाकलं असतं दोघांनाही.

खुंटी :
@जुनी पेटी, सुंदर, पण तुमचा प्रतिसाद आटोपशीरमध्ये बसतो का? ह. घ्या. (हलके घ्या)

जुनी पेटी :
भापो. 🙂

जास्वंद :
थांबा, हे 'भापो' बघा. 'भावना पोचल्या'. कृ. सा. न. वि. वि.चं हे थेट पणतवंड. हेमाशेपो ('हे माझं शेवटचं पोस्ट') हे त्याचं भावंड, आणि 'धन्यवाद'-'थँक्स'ची मिसळ असलेलं धन्स चुलत भावंड. सौजन्याला आद्याक्षरांत बसवायची खोड आपली जुनीच.

आणि पाटीपेन्सिल, त्यातला 'पोच' हा शब्द नियमावलीत घ्याच. कचेरीत पोच म्हणजे कागद मिळाल्याची खूण. पण 'त्याला पोच नाही' म्हणतो तेव्हा अर्थ होतो, कुठे काय बोलावं हे त्याला कळत नाही. शिष्टाचार म्हटलं की मला पुस्तकातला धडा आठवतो, पोच म्हटलं की आई आठवते. ग्रुपवर हे दोन्ही अर्थ एकमेकांच्या पायात येतात. पाण्याच्या संदेशाला ऐंशी जणांनी अंगठा दाखवून पोच दिली, तर ज्याला टँकरवाल्याचा नंबर हवाय त्याला तो शोधत वर सरकावं लागतं. ऐंशी पोचा, आणि पोच एकालाही नाही.

बांदेकर वाडी :
आणि माणूस गेल्याची बातमी असते तेव्हा? तिथे ऐंशी जणांनी लिहिलेलं हवंच. माझे वडील गेले तेव्हा मी प्रत्येक 'भावपूर्ण श्रद्धांजली' वाचली. तीच तीच होती. तरी वाचली.

जास्वंद :
हो. तिथे माझं म्हणणं लागू नाही.

दुपारचा चहा :
एक तांत्रिक गोष्ट. साध्या एसएमएसमध्ये रोमन अक्षरं १६० मावायची, देवनागरी फक्त ७०. काना-मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'विद्यार्थ्यांनी' या एका शब्दाला १५ जागा. चार-पाच असे शब्द आले की संदेश संपला. म्हणून आमच्या पिढीनं 'tu kuthe ahes' छापाचं मराठी रोमनमध्ये लिहायची सवय लावून घेतली. व्हॉट्सअ‍ॅपवर ती अडचण गेली, सवय राहिली.

खुंटी :
'असो' राहिला. मराठीतला सगळ्यात लहान आणि सगळ्यात जड संदेश. ज्ञानेश्वरीत 'हें असो' पावलोपावली येतं, तिथे अर्थ सरळ : हे राहू दे, पुढे जाऊ. फार सभ्य खूण आहे ती, वक्ता स्वतःचाच विस्तार आवरता घेतो. ग्रुपवर वाद रंगला असताना कुणी नुसतं "असो." लिहिलं, टिंबासकट, की त्याचा अर्थ होतो 'तुमच्याशी बोलण्यात राम नाही'. टिंब काढलं तर धार जरा कमी होते, असा माझा अनुभव.

आणि कौतुकाचा शब्द विचारला होतात ना? ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात आहे : 'साच आणि मवाळ । मितुले आणि रसाळ । शब्द जैसे कल्लोळ । अमृताचे ॥' मितुले म्हणजे मोजून-मापून. मितभाषी, परिमित यांतलाच 'मित'. हे लिहिणाऱ्याने एकूण नऊ हजारांच्या आसपास ओव्या सांगितल्या, तेव्हा मितुले म्हणजे लहान असं कुणी समजू नये.

पाटीपेन्सिल :
सगळ्यांना धन्स. कमिटीत 'आटोपशीर' मंजूर झाला. 'मितुले' सेक्रेटरींना फार आवडला, पण नोटिशीत शोभणार नाही म्हणाले. पोचेचं वाक्य असं केलं : 'सूचना वाचल्याची पोच आवश्यक नाही, दुःखद बातमीस हा नियम लागू नाही.' बांदेकर वाडी, ते तुमच्यामुळे.

एक नवीन अडचण. ज्या काकांच्या पाल्हाळामुळे नियमावली करायची वेळ आली, ते आता लिहीतच नाहीत. सहा-सहा मिनिटांचे व्हॉइस मेसेज टाकतात. याला मराठीत काय म्हणायचं?

जुनी पेटी :
श्रवणभक्ती.